सुखी माणसाचा शब्द

इंग्रजीत मूर्खाला मूर्ख म्हणण्यासाठी शब्दांची वाण नाही. काही शब्द अंगावर धावून येतात, काही डॉक्टरांच्या कागदपत्रांतून रस्त्यावर आले आहेत, आणि काही असे की ते एकदा उच्चारले की दोन घरांचे जाणे-येणे बंद होते. या सगळ्या गोतावळ्यात ‘सिली’ हा एकटाच असा आहे की तो ऐकून कोणी भरल्या पानावरून उठत नाही. आपल्याकडे तर तो परीक्षेच्या निकालाबरोबर घरात शिरला आणि तिथेच राहिला. गणितात अधिकच्या जागी वजा लिहिले, वरच्या ओळीतला पाच खाली उतरवताना सहा झाला, तर ती चूक नसते. ती ‘सिली मिस्टेक’ असते. चूक म्हणजे न येणे आणि सिली मिस्टेक म्हणजे येत असूनही हातून निसटणे, हा फरक मराठी आयांनी इतक्या बारकाईने जपला आहे की न्यायशास्त्राने त्याची दखल घ्यावी. निकालाच्या संध्याकाळी घरोघर हिशेब मांडला जातो: सहा गुण सिली मिस्टेकचे, ते धरले तर पंच्याण्णव. त्या न मिळालेल्या सहा गुणांविषयी बोलताना आईच्या आवाजात राग नसतो. ते गुण आपलेच होते, फक्त घरी यायचे राहिले, अशी हळहळ असते.

हाच शब्द हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात हात जोडून उच्चारावा असा होता. तेव्हा तो ‘सॅलिग’ असा लिहीत आणि शेवटचा ग जवळजवळ य इतका मऊ करून म्हणत. अर्थ होता सुखी, भाग्यवंत, देवाची कृपा झालेला. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड नवव्या शतकाच्या अखेरीस डेन लोकांशी लढता लढता लॅटिन ग्रंथ आपल्या प्रजेच्या बोलीत आणण्याच्या नादाला लागला होता. त्यांत बोएथिअसचे पुस्तक होते. तुरुंगात मरणाची वाट पाहत बसलेल्या एका विद्वानाने खरे सुख कशात असते याचा केलेला विचार. आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या त्या भाषांतरात सुखासाठी याच शब्दाचे घराणे कामाला लावलेले आहे. म्हणजे आज आपण ज्याच्याआड वजाबाकीतली गफलत लपवतो, त्याच्या पणजोबाने एके काळी पार मोक्षाच्या वेशीपर्यंतची कामे केली आहेत.

त्या जुन्या लिखाणात या शब्दातला स्वर ‘ए’ आणि ‘ई’ ही दोन रोमन अक्षरे एकमेकांत गुंतवून लिहीत. त्या अक्षराला ‘ॲश’ असे एका झाडाचे नाव होते. पुढे इंग्रजांनी अक्षर टाकून दिले आणि उच्चार ठेवून घेतला. आपल्याकडे नेमके उलट झाले. आपल्या वर्णमालेत तो उच्चार नव्हता. बॅट आली, बँक आली, तेव्हा आपण अक्षराच्या डोक्यावर चंद्रकोर काढली आणि पाहुण्यांची सोय केली. त्यामुळे आज ‘सॅलिग’ लिहायचे तर खुद्द लंडनच्या माणसाला संगणकात ते अक्षर हुडकत बसावे लागेल, आणि आपण मात्र न अडखळता लिहून मोकळे होतो. या शब्दाच्या पोटात ‘सॅल’ असा आणखी एक लहानसा शब्द आहे. त्याचा अर्थ सुख, आणि त्याचाच अर्थ वेळ, हंगाम. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या शेतकऱ्यांच्या बोलीत गवतकापणीच्या दिवसांना ‘हेसल’ म्हणत, ते त्याचेच अवशेष. सुखाला आणि वेळेला एकच शब्द असावा हे आपल्याला परके वाटायला नको. ‘वेळ बरी होती’ असे आपण अपघातातून वाचलेल्या माणसाविषयी म्हणतो, तेव्हा आपणही नकळत जुनी इंग्रजीच बोलत असतो.

मग हा भाग्यवंत घसरला कसा? तेराव्या शतकाच्या आसपास ‘देवाचा लाडका’ हा अर्थ सरकून ‘निष्पाप’ झाला. यात वावगे काही नाही. देवाच्या लाडक्याने निष्पाप असावे ही अपेक्षा रास्तच आहे. निष्पाप म्हणजे तान्ही मुले आणि कोकरे. कोकरांचे पुढे काय होते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तिथून शब्द ‘कीव यावी असा’ इथवर आला. कीव येते ती दुबळ्याची, म्हणून मग ‘दुबळा’. आणि दुबळ्याला स्वतःचे हित कळत नाही असे सबळांचे मत सर्व काळांत असल्यामुळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेवटचा अर्थ येऊन चिकटला: अक्कल नसलेला. प्रत्येक पाऊल एवढेसे, आणि बरीचशी पावले दयेपोटी टाकलेली. आपल्याकडच्या सुखी माणसाच्या सदऱ्याच्या गोष्टीत राजाचे दूत गावोगाव धुंडाळून अखेर सुखी माणूस शोधून काढतात आणि पाहतात तर त्याच्या अंगात सदराच नाही. गोष्ट तिथे संपते. पण तो दूत परत निघाला तेव्हा मनात काय म्हणाला असेल? ‘बिचारा’ असेच म्हणाला असेल. इंग्रजी भाषेला एवढे म्हणायला काही शतके लागली. दूताला गावाच्या वेशीपर्यंत पुरले असेल.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या तेव्हा शब्द अधल्यामधल्या जागी होता. त्यातल्या गिरणीवाल्याने सांगितलेल्या गोष्टीत ऑक्सफर्डचा एक म्हातारा सुतार आहे, आणि चॉसर त्याला पुन्हा पुन्हा हेच विशेषण लावतो. त्याच्या घरात भाड्याने राहणारा निकोलस नावाचा विद्यार्थी ग्रहतारे पाहून त्याला सांगतो, की नोहाच्या वेळच्यासारखा दुसरा जलप्रलय येत्या सोमवारी रात्री येणार. या विद्वानाचा डोळा अर्थातच सुताराच्या तरुण बायकोवर आहे. सुताराच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा, की मग माझी बायको बुडणार का? तो छपराच्या वाशांना तिघांसाठी तीन लाकडी पिपे टांगतो, शिड्या करतो, पिपांत खाण्यापिण्याची बेगमी करतो आणि दमून आपल्या पिपात घोरू लागतो. मध्यरात्री भलत्याच कारणाने कोणी तरी ‘पाणी, पाणी’ असा आक्रोश करते. प्रलय आला असे समजून हा दोर कापतो, पिपासकट जमिनीवर येतो आणि हात मोडून घेतो. शेजारीपाजारी गोळा होतात, पोट धरून हसतात आणि त्याला वेडा ठरवून टाकतात. आता चॉसरच्या त्या विशेषणाचा अर्थ काय करायचा? भोळा? बापडा? गाढव? कोणताही एक धरला की बाकीचे दोन रुसतात. मला एवढेच दिसते, की सबंध गोष्टीत दुसऱ्याच्या जिवाची काळजी करणारा तो एकटा निघाला आणि हाडही त्याचेच मोडले.

दोनशे वर्षांनी शेक्सपिअरपाशी येईतो शब्दाचे दोन तुकडे झाले होते. ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’मध्ये रानातल्या लुटारूंचा म्होरक्या व्हायला कबूल होताना नायक अट घालतो, की सिली बायकांना आणि गरीब वाटसरूंना त्रास द्यायचा नाही. इथे अर्थ आहे असहाय. आज ते नाटक वाचणारी एखादी मुलगी कपाळाला आठी घालते. मूर्ख बायकांना अभय, मग शहाण्यांनी काय करायचे, असा तिचा रास्त सवाल असतो. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये हिपोलिटा राणी विणकर-सुतारांनी मिळून बसवलेले नाटक पाहता पाहता हाच शब्द काढते, आणि तिथे मात्र अर्थ चोख आजचा आहे. (इथेही एक सुतार आहेच. या शब्दाचे आणि सुतारांचे काही जुने वैर असावे.)

आणि गंमत अशी, की ‘सिली’ खाली उतरत होता त्याच वेळी त्याच जिन्याने दुसरा एक शब्द वर चढत होता. तो म्हणजे ‘नाइस’. लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे तेराशेच्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. मग तो नखरेल झाला, नाजूक झाला, काटेकोर झाला आणि अठराव्या शतकात ‘छान’ होऊन वर पोचला. पुढे त्याचे इतके छान चालले, की जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’त हेन्री टिल्नी नायिकेची थट्टा करतो: हिला पुस्तकही नाइस, हवाही नाइस आणि फिरायला जाणेही नाइस. हे दोघे शब्द कधी तरी, बहुधा पहिल्या एलिझाबेथच्या काळात, वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात समोरासमोर आले असणार. एकाच्या खांद्यावर जरीचे टाके उसवलेली जुनी शाल, दुसऱ्याच्या अंगात नुकताच शिंप्याकडून आलेला कोट. जिना अरुंद, कोणी तरी अंग चोरून भिंतीला लागल्याशिवाय दुसऱ्याला जाता येणार नाही. वाट ‘सिली’नेच दिली असेल. त्याचा स्वभावच तसा.

हा सगळा उतार मी एका माणसाच्या बाबतीत पाहिलेला आहे. आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम करणारे एक नाना होते. वर्गणी थकलेल्याला पुस्तक नाकारणे त्यांना जमत नसे. पावसात कोणी आले तर पुस्तक भिजू नये म्हणून ते आपली छत्री देऊन टाकत आणि स्वतः डोक्यावर वर्तमानपत्र धरून घरी जात. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र चुलीवर वाळवून त्याच्या तारखेच्या गठ्ठ्यात परत लावत. उसने पैसे नेलेला माणूस समोरून येताना दिसला की ते स्वतःच शेजारच्या बोळात वळत, त्याला ओशाळे वाटू नये म्हणून. सुरुवातीला गाव त्यांना ‘देवमाणूस’ म्हणे. मराठीतला हा शब्द मोठा सावध आहे. ‘देवमाणूस आहे हो’ म्हणताना आवाज थोडा खाली येतो, मान किंचित कलते, आणि ऐकणाऱ्याला न सांगता कळते की या गृहस्थांना नुकतेच कोणी तरी फसवले आहे. पुढे देवमाणसाचा ‘साधाभोळा’ झाला, साध्याभोळ्याचा ‘बापडा’. नाना घर बांधायला निघाले आणि विटा मोजून घ्यायला संकोचले, तेव्हा ‘त्यांना काही कळतच नाही हो’ या मुक्कामी गाव पोचले. नाना होते तिथेच होते. इंग्लंडला ज्या कामासाठी दोन-चार राजघराणी खर्ची घालावी लागली, ते आमच्या गावाने पारावर बसल्या बसल्या उरकले. नानांची बायको मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिली: ‘अगदी वेडे आहात तुम्ही.’ ‘वेडे’ला ‘आहात’ लागले की शिवीचे काय शिल्लक राहते, याचा नियम मला अजून कुठल्या व्याकरणात सापडलेला नाही.

व्याकरणकारांनी वेगळाच एक नियम मात्र लिहून ठेवला आहे, आणि तो पारावरच्या मंडळींच्या वरताण आहे. सम्राट अशोक आपल्या लेखांमध्ये स्वतःला ‘देवानंपिय’ म्हणवतो. देवांना प्रिय असलेला. नालासोपाऱ्याला, जिथे आज माणसाला लोकलमध्ये उभे राहायला जागा मिळाली तरी तो स्वतःला भाग्यवंत समजतो, तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडा सापडला. पुढे नवव्याचाही सापडला. एवढ्या थोर पदवीचे संस्कृतात काय झाले? भट्टोजी दीक्षितांच्या सतराव्या शतकातल्या ‘सिद्धान्तकौमुदी’त स्वच्छ नोंद आहे, की समासात षष्ठीचा प्रत्यय तसाच ठेवून ‘देवानांप्रिय’ म्हटले की अर्थ होतो मूर्ख. प्रत्यय गाळून ‘देवप्रिय’ म्हटले तर तो खरोखरचा देवांचा लाडका. लाडका आणि गाढव यांच्यामध्ये एवढासा प्रत्यय! शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात प्रतिपक्षाला याच शब्दाने चिमटा काढला आहे. देवांना मूर्ख का आवडावा, याचा खुलासाही टीकाकारांजवळ आहे: मूर्ख हा देवांचा पशू. तो न विचारता हवि देत राहतो. उद्या त्याला आत्मज्ञान झाले तर देवांचे दूधदुभते बंद. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि खडकाखडकावर हा देवानंपिय भेटू लागला, तेव्हा एखाद्या शास्त्रीबुवांना अर्थ विचारला असता तर त्यांनी डोळे मिचकावूनच सांगितला असता. मराठीला हसायला जागा नाही. ‘महाभाग’ म्हणजे परम भाग्यवान. पण ‘कोण हे महाभाग?’ असे आपण विचारतो ते रस्त्याच्या मधोमध गाडी लावून गेलेल्या गृहस्थाविषयी.

फ्रेंचांकडे ‘बने’ म्हणजे बावळट, आणि मुळात तो लॅटिनमधला ‘आशीर्वाद लाभलेला’. इंग्रजीतच ‘डाफ्ट’ म्हणजे खुळा, पण जुन्या इंग्रजीत तो सौम्य, मवाळ माणूस होता. त्याचाच सख्खा भाऊ ‘डेफ्ट’ कुशल, हातखंडा म्हणून नाव काढून बसला आहे. ‘गिडी’ म्हणजे आज घेरी आलेला, पूर्वी अंगात देव आलेला. इथे मला ऋद्धिपूर आठवते, अमरावती जिल्ह्यातले, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे. तेराव्या शतकात तिथे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहत. त्यांच्या लीळा महानुभावांनी लिहून ठेवल्या आहेत. ते हसत, रुसत, खाऊ हिसकावून घेत, देवळांतल्या मूर्तींशी बोलत. गावातली माणसे त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत, आणि अडचण आली की त्यांच्याच पायाशी येत. इंग्रजीत जी गोष्ट घडायला शतके लागली तिची दोन्ही टोके तिथे एकाच अंगणात, एकाच माणसाच्या ठायी होती. ‘देव’ आणि ‘वेडा’ यांपैकी कोणता शब्द खरा, याची निवड करण्याची घाई ऋद्धिपूरकरांना झाल्याचे दिसत नाही. आपण तरी भोळ्या सांबाच्या बाबतीत ती कुठे करतो?

‘सॅलिग’चे जे नातलग समुद्रापलीकडे राहिले त्यांचे बरे चालले आहे. जर्मनीत ‘झेलिश’ म्हणजे अजूनही धन्य, कृतार्थ. शिवाय वारलेल्या वडिलांचा उल्लेख करताना आपण ‘कैलासवासी’ लावतो तसा जर्मन माणूस हाच शब्द लावू शकतो. डच लोकांनी मात्र त्याला स्वयंपाकघरात नेले. त्यांचा ‘झालिख’ हा स्वर्गसुखाचाही शब्द आणि जिभेवर विरघळणाऱ्या मिठाईचाही, आणि मला त्यांची बाजू पटते. खुद्द ब्रिटनमध्ये जुने रूप उरले ते दोन ठिकाणी. एक स्कॉटलंडच्या परीकथांत. तिथल्या भल्या पऱ्यांच्या दरबाराला ‘सीली कोर्ट’ म्हणतात. त्या पऱ्या कितपत भल्या होत्या हा प्रश्नच आहे, पण ज्याची भीती वाटते त्याला गोड नाव द्यावे हे शहाणपण आपल्याला शिकवायला नको. अंगभर फोड उठवून माणसे मारणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणत आलो. दुसरे ठिकाण म्हणजे ‘सीली’ हे आडनाव. केंब्रिजचे इतिहासाचे प्राध्यापक जॉन रॉबर्ट सीली यांनी १८८३ मध्ये ‘द एक्स्पान्शन ऑफ इंग्लंड’ या पुस्तकात लिहिले, की आम्ही अर्धे जग जिंकले ते जणू भान हरपल्या अवस्थेत. दीडशे वर्षे राज्य करायचे, महसूल शेवटच्या पैपर्यंत मोजून घ्यायचा, आणि वर म्हणायचे की लक्षच नव्हते आमचे! भारताच्या बाबतीत ती म्हणजे इतिहासातली सर्वांत मोठी सिली मिस्टेक ठरते, आणि ती कबूल करायला नेमके याच आडनावाचे गृहस्थ पुढे यावेत, हा योग भाषेने कुठे तरी गुपचूप जुळवून आणला असावा.

त्या साम्राज्याने जाताना आपल्याकडे जे सोडले त्यात क्रिकेट होते, आणि क्रिकेटमध्ये हा शब्द बॅटच्या टोकाशी येऊन उभा होता. सिली पॉइंट, सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफ. फलंदाजाच्या इतके जवळ उभे राहायचे की त्याने मारलेला चेंडू डोळ्यांनी दिसण्याआधी अंगावर यावा. अशा जागी स्वखुशीने उभा राहणारा माणूस शहाणा नसणार, म्हणून हे नाव. लहानपणी आम्ही ‘शिली पॉइंट’ म्हणायचो आणि शिळेचा, म्हणजे दगडाचा, काही तरी संबंध असावा असे समजायचो. दगडासारखे उभे राहायचे ना! एकनाथ सोलकर उभा राहायचा त्या जागेचे नाव फॉरवर्ड शॉर्ट लेग. तिला हे विशेषण लावलेले नाही, पण हेल्मेटशिवाय, बॅटपासून हातभर अंतरावर, वाकून बसलेल्या त्याला पाहिले की ते कोणाला तरी लावावेसे वाटेच. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा मैदानावरच वाढला. १९७१ मध्ये ओव्हलवर व्यंकटराघवनच्या गोलंदाजीवर त्याने पुढे झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला आणि भारत इंग्लंडमध्ये पहिला कसोटी सामना जिंकण्याच्या वाटेला लागला. २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. सगळ्यांत जोखमीच्या जागेवर उभे राहून त्याच्या चेहऱ्यावर जी खुशी दिसे तिच्यासाठी शब्द शोधायचा तर मी आल्फ्रेडचाच काढीन. त्या जागेची दुसरी बाजूही आहे. १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा राहिला. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, तेवढ्यासाठी कशाला, असे त्याला वाटले. चेंडू डोक्याला लागला आणि त्यात तो गेला. चौदाव्या शतकातल्या माणसाला त्याच्याविषयी बोलताना हाच शब्द सुचला असता, आणि ऐकणाऱ्याने डोळे पुसले असते.

आता हा शब्द शिक्षा भोगून झालेल्या माणसासारखा निवांत झाला आहे. पार्लमेंटची सुट्टी सुरू झाली की लंडनच्या वर्तमानपत्रांत प्रचंड भोपळ्यांच्या आणि हरवलेल्या पोपटांच्या बातम्या येतात, त्या दिवसांना १८६० च्या दशकापासून ‘सिली सीझन’ म्हणतात. जर्मन लोक त्यालाच आंबट काकड्यांचा हंगाम म्हणतात, त्याचे कारण त्यांनाच माहीत. १९७० मध्ये ‘मॉन्टी पायथन’वाल्यांनी दूरदर्शनवर चक्क सिली चालींचे मंत्रालय काढले. काळी टोपी, काळी बॅग, आणि जॉन क्लीज लांब पाय हवेत भिरकावत गंभीर चेहऱ्याने कचेरीत चालला आहे. बाकीच्या मंत्रालयांपेक्षा या मंत्रालयाने लोकांचे कमी नुकसान केले असेल. आणि मला वाटते, शब्दात जे काही जुने उरले आहे ते एवढेच. हुकूमशहाला कोणी सिली म्हणत नाही, सावकाराला म्हणत नाही. ज्याच्यापासून धोका नाही आणि जो आपला आहे, त्यालाच म्हणतात. कोशातून पुण्याई पुसली गेली. बोलणाऱ्याच्या आवाजात थोडीशी राहिली.

हे मी परवा माझ्या मावशीला सांगायला गेलो. तिची नात न्यू जर्सीत असते आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. नातीच्या मागच्या खिडकीत बर्फ पडताना दिसले की मावशी पुण्यात भर मार्चमध्ये शाल पांघरून बसते आणि तिलाही स्वेटर घालायला लावते. तिथे घरात ऊब असते, हे ती ऐकून घेते आणि शाल आणखी घट्ट करते. परवा नात हसत म्हणाली, ‘आजी, डोन्ट बी सिली.’ फोन ठेवल्यावर मावशीने मला विचारले, ‘काय रे म्हणाली ती मला?’ मी तिची समजूत घालण्याच्या उत्साहात आल्फ्रेड, सुतार, अशोक सगळे सांगितले. या शब्दाचा मूळ अर्थ सुखी, भाग्यवंत, देवाचा लाडका असा आहे, हे दोनदा सांगितले. मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

‘म्हणजे ती मला म्हणाली, आजी, सुखी होऊ नकोस?’

मी म्हटले, तसे नाही गं. ‘मग कसं?’ म्हणाली. मी पुन्हा आल्फ्रेडपासून सुरुवात केली. तोवर तिने फोन उचलून नातीला परत लावला होता आणि तिकडे रात्र आहे की दिवस याचा विचार न करता, एवढ्या दूर ऐकू जावे अशा बेताच्या आवाजात, ती तिला स्वेटर घातलास का ते विचारत होती.